गॅस डोक्यात चढत नाही, हेम्या

हेम्या, तुझ्या फोटोला घातलेला हार मी काढून टाकलाय. श्रीकांत म्हणाला, "अगं, लोक येतायत भेटायला, राहू दे की थोडे दिवस." मी म्हटलं, "भाऊ माझा आहे आणि हार घातला की तो कुणाच्या तरी चुलतसासऱ्यासारखा दिसतो." तू गेल्यापासून मी दिसेल त्याच्याशी भांडतेय. नवऱ्याशी, मावशीशी, मंडळातल्या काकांशी, आणि आईशी तर विचारूच नकोस. आता तुझ्याशी भांडायला बसलेय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि अर्धवट भांडण मी कधी सोडलेलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

आधी लोक काय म्हणतायत ते ऐक. तू सकाळी तुझ्या फुनाबोरी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर नेहमीसारखा रांगेत उभा होतास, खाली बसलास, आणि उठला नाहीस. मी योकोहामाला ऑफिसात होते. धावत हॉस्पिटलात पोचले तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं. मेंदूतली एक रक्तवाहिनी, तिच्यावर बारीकसा फुगवटा, बहुतेक खूप वर्षांपासूनचा, तो फुटला. मी विचारलं, पोटाच्या दुखण्याशी याचा काही संबंध? ते म्हणाले, नाही. मी परत विचारलं, हा एक गोळी बरीच वर्षं घेत होता, ती गेल्या वर्षी बंद केली, त्याने काही? ते म्हणाले, नाही, ताईसाहेब, त्याचा काहीही संबंध नाही. म्हणजे ताईसाहेब नाही म्हणाले, पण जपानीत जेवढ्या अदबीने म्हणता येतं तेवढ्या अदबीने म्हणाले. मी दोन-दोनदा का विचारत होते माहितेय? पुढे काय होणार ते मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं.

आणि तस्संच झालं. व्हिडिओवर पुण्याहून आईचा चेहरा आला. पासपोर्ट संपलेला, पायांत जोर नाही, तिला इथे येणं शक्यच नव्हतं. पदर तोंडावर धरून तिने पहिलं वाक्य काय बोलावं? "तू त्याची गोळी बंद केलीस. गॅस डोक्यात चढला त्याच्या."

गॅस डोक्यात चढला! कपाळ माझं. अरे, पोटातला गॅस डोक्यात कुठून चढेल? मध्ये काय लिफ्ट आहे? पण हे वाक्य आपल्याकडे कसं आहे ते तुला माहीत आहे. डोकं दुखलं, गॅस चढला. चक्कर आली, गॅस चढला. संध्याकाळपर्यंत ते फॅमिली ग्रुपवर गेलं, मावशीने खाली हात जोडले, आणखी कुणीतरी लिहिलं की चालू असलेली गोळी कधी थांबवू नये. म्हणजे झालं. तू कशाने गेलास ते पुण्यात ठरून गेलं. आणि कुणामुळे गेलास तेही.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की गॅस डोक्यात चढत नाही. त्यानंतर तिथे माझ्याशी कुणी बोललेलं नाही.

आता मुळापासून सांगते. तुला नव्हे, तुला माहीतच आहे. पण एकदा सगळं ओळीने बोलून टाकल्याशिवाय माझं डोकं थंड व्हायचं नाही.

आपल्याकडे गोळी वेगळी आणि औषध वेगळं. औषध म्हणजे आजारी पडल्यावर डॉक्टरने लिहून दिलेलं, घेऊन बरं झालं की बंद करायचं. ॲसिडिटीची गोळी म्हणजे वाणसामान. आपल्या घरी ती पाकिटं लोणच्याच्या बरणीशेजारी असायची. आई उठली की आधी गोळी, मग अर्ध्या तासाने चहा. बाबा गेले, आपण घर बदललं, गॅसची शेगडी बदलली, गोळी तीच. तू बारावीत असताना जागरणं करून, वडापाव खाऊन छातीत जळजळतं म्हणालास, तेव्हा तिने स्वतःच्या पाकिटातली एक काढून दिली. मायेनेच दिली. तू ती घेतलीस, बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी परत घेतलीस. ती थेट चाळिशी ओलांडेपर्यंत.

जपानला आल्यावर तर आणखी सोपं झालं. पुण्याहून जो कोणी येईल त्याच्या बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आणि तुझ्या गोळ्या. फुनाबोरीत काय, उरायासुत काय, आपल्या लोकांच्या घराघरांत हेच. दुसऱ्यासाठी गोळ्या आणायच्या नसतात हे कुणाच्या मनातही यायचं नाही. एअरपोर्टवर सगळे घाबरायचे ते लोणचं सांडेल म्हणून. त्यामुळे इथल्या कुठल्याच डॉक्टरच्या कागदावर तुझी गोळी कधी आलीच नाही.

आणि मग तुझं पोट फुगायला लागलं. सकाळी सपाट, संध्याकाळी नगारा. गाडीत बसल्यावर पट्टा सैल करायचास आणि वर शर्ट सोडायचास. दूध सोडलंस, मग गहू सोडला, मग डाळी, मग कांदा-लसूण. एकादशीसुद्धा इतकी कडक नसते रे. प्रत्येक स्टेशनबाहेरच्या कुठल्या कोम्बिनी दुकानात संडास आहे आणि कुठल्या नाही हे तुला पाठ होतं. माझ्याकडे उरायासुला यायला बसने निशी-कसाई, तिथून गाडी, एवढाच रस्ता, पण तू मध्ये दोनदा उतरायचास. वजन उतरलं, गालफडं आत गेली. आमची ईरा एकदा तुझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, दाइज्योबु?" तू म्हणालास, "हो हो, ठीक आहे मी, दाइज्योबु," आणि उठून बाथरूममध्ये गेलास. आईला फोन केलास तर ती म्हणाली, गोळी दोन वेळा कर. केलीस.

शेवटी मी तुला बखोटीला धरून तुझ्याच घराजवळच्या दवाखान्यात नेलं. मी दुभाषी. सेन्सेई म्हणजे डॉक्टरीणबाई, साठीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, सध्या काही औषध चालू आहे का? तू म्हणालास, "छे, काहीच नाही." मी तस्संच जपानीत सांगितलं. दोघांनीही डोळ्याची पापणी लवू न देता. कारण ते खोटं नव्हतंच ना! आपल्या दृष्टीने तू काही घेतच नव्हतास. बाईंनी रक्त तपासलं, नळी घालून बघितलं. सगळं स्वच्छ, अल्सर नाही, काही नाही. बाई विचारात पडल्या.

तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "असं करू या. सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं, ते क्रमाने सांगा."

तू सांगायला लागलास, "पाणी. मग गोळी. मग चहा. मग भाताची पेज..."

मी ते जपानीत म्हणत गेले. बाईंचा हात थांबला. "गोळी?"

"ती होय? ती गॅसची. ते काही औषध नाही."

हे वाक्य जपानीत म्हणताना मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं, आणि मला इतकं हसू फुटलं की पुढे बोलताच येईना. बाई मात्र हसल्या नाहीत. केव्हापासून? कॉलेजपासून. दिवसातून किती? पूर्वी एक, हल्ली दोन, पोट फार फुगतं म्हणून. त्यावर त्यांनी दातांतून हवा आत ओढली. प्रकरण गंभीर आहे पण तोंडावर कसं सांगायचं, अशा वेळी इथली माणसं ओढतात तशी.

मग त्यांनी कागदावर जठर काढलं, वांग्यासारखं. म्हणाल्या, इथलं आम्ल हा दारावरचा पहारेकरी. खाण्याबरोबर जे जंतू येतात त्यांना तो इथेच संपवतो. तुमची गोळी त्या पहारेकऱ्याला झोपवते. काही दिवस, काही आठवडे झोपवला तर बिघडत नाही, कित्येकांना त्याची गरजच असते. पण वर्षानुवर्षं झोपवून ठेवला, तर काही जणांच्या बाबतीत जंतू पुढे सरकतात आणि लहान आतड्यात बिऱ्हाड करतात. तिथे त्यांनी गर्दी करायची नसते. मग तुमचं जेवण आधी ते जेवतात, आणि त्यांचा गॅस होतो.

तू म्हणालास, "म्हणजे ज्या गॅससाठी घेत होतो, तो गॅस हीच करत होती?"

"शक्यता आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना होत नाही. तुम्हाला झालंय का ते तपासू."

मला त्या बाई तिथेच आवडल्या. आपल्याकडे पोटावर बोलणारा एकही माणूस मी "शक्यता आहे" म्हणताना ऐकलेला नाही. सगळ्यांना सगळं छातीठोक माहीत.

श्वासाची तपासणी आठवते? उपाशीपोटी गोड पाणी प्यायचं आणि थोड्या थोड्या वेळाने पिशवीत फुंकर मारायची, सकाळभर. तू मला बाहेरून मेसेज करत होतास, "तायडे, लहानपणी आई फुगे फुगवू द्यायची नाही, इथे डॉक्टर द्यायला लागलेत." मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये फिस्सकन हसले आणि सगळ्यांची माफी मागितली. रिझल्ट आला. गोड पाणी मोठ्या आतड्यात पोचायच्या कितीतरी आधीच श्वासातला गॅस वाढलेला. बिऱ्हाड होतंच, आणि चांगलं नांदतं होतं.

जंतू मारायच्या गोळ्या दिल्या, आणि तुझी सकाळची गोळी हळूहळू उतरवायची ठरलं. बाईंनी आधीच बजावलं होतं, इतकी वर्षं दाबलेलं आम्ल आता उसळी मारेल, काही आठवडे जळजळेल, त्याला घाबरू नका. पण छातीत दुखलं, गिळायला त्रास झाला, शी काळी झाली, तर तडक या. जळजळलं, आणि कसं जळजळलं! तू रोज मला फोन करून शिव्या घालायचास. आणि मग माझ्या घरी येऊन, माझ्याच ड्रॉवरमधून, श्रीकांतच्या गोळ्या चोरायला लागलास.

मी तुला हात ड्रॉवरमध्ये असताना पकडलं तर वर तोंड करून म्हणतोस, "भाऊजींना चालते आणि मला नाही, हा कुठला न्याय?"

"त्यांना अल्सर होता! रक्त पडलं होतं! डॉक्टरने लिहून दिलीय त्यांना! तुला काय झालंय? तुला सवय झालीय!"

"तुला काय जातंय ओरडायला? जळतंय माझं."

"जळू दे! विचारू या बाईंना, त्या म्हणाल्या घे तर घे. चोरून नाही."

मग तू स्वतःच घरी जाऊन पुण्याची सगळी पाकिटं पिशवीत भरून आणलीस आणि माझ्यासमोर आपटलीस. टाक, म्हणालास. आणि टाकायला बसलो तर पंचाईत. गोळी जळाऊ कचऱ्यात, हे ठीक. पण पाकीट? एका बाजूने प्लॅस्टिक, दुसऱ्या बाजूने चांदी. तू उरायासुचा कचऱ्याचा तक्ता काढून गंभीरपणे वाचायला लागलास. आपण दोघं जमिनीवर फतकल मारून एकेक गोळी टचकन बाहेर काढत होतो आणि हसून हसून पोट दुखत होतं. तुझं दुखणं वेगळं होतं, पण हसत होतास.

एकदा ते सगळं परत उलटलं, ते पण सांगायला हवं. पावसाळ्यात पुन्हा नगारा झाला, पुन्हा जंतूंच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. तेव्हा तू फार खचलास. म्हणालास, "हे असंच राहणार, तायडे." नाही राहिलं. त्यानंतरचं वर्ष तुझं होतं, आणि ते मी कुणालाही हिसकावून घेऊ देणार नाही.

आता हे ऐक, हे तुला माहीत नाही. तुझ्या ऑफिसचे नाकानो-सान अंत्यविधीला आले होते. इथल्या रीतीप्रमाणे आपणच, दोघादोघांनी मिळून, लांब काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवायच्या होत्या. माझ्या एका बाजूला श्रीकांत, समोर ईरा. तिथला माणूस मोठ्या आदराने म्हणाला, यांची हाडं चांगली मजबूत आहेत. मला वाटलं, घ्या, जन्मात पहिल्यांदा हेम्याच्या तब्येतीचं कुणी कौतुक केलं, आणि ते हे असं! मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं, आणि काडी हातातून निसटली. बाहेर आल्यावर नाकानो-सान माझ्यासमोर वाकून उभे राहिले. म्हणाले, "हेमंत-सान पूर्वी कायम आपल्या जागेवर एकटे जेवायचे, भाताचा एक गोळा. आम्हाला वाटायचं, यांना आम्ही आवडत नाही. गेल्या वर्षी एक दिवस ते आपणहून आमच्याबरोबर खाली आले. मग रोज यायला लागले. आम्हाला सगळ्यांना फार आनंद झाला होता."

पोटापायी माणूस किती एकटा पडतो, हे मी तुझ्याइतकं जवळून पाहूनही मला तोवर कळलं नव्हतं. मी त्या माणसाचे हात धरले. इथे असे हात धरत नाहीत, तो बिचारा गांगरला, पण मी सोडले नाहीत.

आणि मग आपल्या मंडळाची शोकसभा, फुनाबोरीच्या हॉलमध्ये. मंडळातले काका उभे राहिले. तुला ते आवडायचे, म्हणून नाव घेत नाही. म्हणाले, हेमंत फार टेन्शन घ्यायचा, पोटाचे सगळे विकार शेवटी मनाचे असतात. त्यांच्यामागून एक बाई उठल्या, त्या म्हणाल्या, या ॲलोपथीच्या गोळ्यांनीच माणसं जातात, ओवा-जिरं घेतलं असतं तर आज आपल्यात असता. म्हणजे बघ हं. पुण्यात म्हणतात गोळी सोडली म्हणून गेला, इथे म्हणतात घेतली म्हणून गेला. कुणी तरी मधलं बोला की!

मी उठले. ईराने कुडता ओढला, "आई, यामेते," पण मी थांबणार होते का? मी म्हटलं, "माझा भाऊ मेंदूतली नस फुटून गेला. पोटाने नाही गेला, टेन्शनने नाही गेला, गोळी घेऊन नाही गेला आणि सोडूनही नाही गेला. त्याचं पोट दुखत होतं ते खरंच दुखत होतं, मनाचं नव्हतं. त्याला कारण होतं, ते सापडलं, आणि तो बरा झाला होता. माझ्या नवऱ्याचा जीव त्याच गोळीने वाचलाय, तेव्हा गोळीला नावं ठेवायची नाहीत. आणि ज्यांच्या घरात ती वर्षानुवर्षं कुणालाही न विचारता चाललीय, त्यांनी उद्या डॉक्टरला विचारा. बंद करू नका, विचारा. बास." मग चहा आला. नंतर चपला घालताना निदान चार बायकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, त्या तुमच्या सेन्सेईंचा दवाखाना नक्की कुठे आहे हो?

आता आपलं भांडण.

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, तू माझ्याकडे होतास. जेवणं झाली होती. मी पुन्हा आईचा विषय काढला. दिवाळीत आपण दोघांनी तिला बघितलं होतं. दंड काडीसारखे झालेले आणि पोट मात्र साडीतून पुढे. पायांना मुंग्या येतात म्हणाली, चप्पल निसटते ते कळत नाही म्हणाली. दोन घास खाल्ले की ताट सरकवायची. सकाळी गोळी, रात्री गोळी. तुझी सगळी कहाणी तिच्यात जशीच्या तशी दिसत होती, फक्त तीस वर्षांची. तिला काय झालंय ते मला माहीत नाही, मी काही डॉक्टर नाही. पण डॉक्टरला हे कळायला नको?

तू म्हणालास, "आईला मी सांगेन. तुझं ऐकून ती दुप्पट घ्यायला लागेल."

"मग सांग ना! कधी?"

"गणपतीत जातोच आहे. समोर बसून सांगतो. फोनवर तिला नाही पटायचं."

"आणि तोवर?"

"तायडे, तीस वर्षं घेतेय. दोन-तीन महिन्यांनी काय होणार आहे?"

मला इतका राग आला की मी पातेलं सिंकमध्ये फेकलं. म्हटलं, तू लाडका आहेस ना तिचा, म्हणून तुला वाईट व्हायचं नाहीये. तू म्हणालास, "हो, नाही व्हायचंय," आणि चहा न घेताच निघालास. दारात बूट घालताना म्हणालास, "सांगेन म्हटलंय ना." हे तुझं मला सांगितलेलं शेवटचं वाक्य.

आता सांग, मी काय करू? राग कुणावर काढू? तुझं खरं होतं, ती तुझंच ऐकते. आणि आता तर मी तिच्या पोराला मारणारी. ती माझा फोन घेत नव्हती. ईराशी बोलायची, आणि ईरा अर्धं जपानीत बोलते, त्यामुळे दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत बसायच्या. ईराच्याच हाती तिने निरोप दिला, आईला सांग, मी मेले तरी गोळी सोडणार नाही, माझ्या हेमूने सोडली आणि तो गेला.

ऐकलंस? तुझं मरण तिने त्या गोळीला बांधून टाकलंय. आता ती गोळी घेत नाही, तुला धरून बसलीय.

आणि काल दुपारी तिचा फोन आला. आपणहून. कॅमेरा बंद.

म्हणाली, "एक विचारते. खोटं सांगू नकोस."

"विचार."

"आदल्या दिवशी तो तुझ्याकडे होता ना? काय जेवला?"

मी म्हटलं, "थालीपीठ. चार. मी तीनच लावली होती, चौथं त्याने स्वतः थापून घेतलं. वर लोणी, मटकीची उसळ, दही, आणि कच्चा कांदा, बुक्कीने फोडून."

"कांदा?" ती म्हणाली. "कांदा पचला त्याला?"

"पचला गं. वर्षभर पचत होता. सगळं पचत होतं."

ती म्हणाली, "मला वाटायचं, माझं लेकरू उपाशीच राहत असेल तिकडे. गेलं ते पण उपाशीच गेलं असेल."

"नाही आई. पोटभर जेवून गेला."

मग ती रडली, आणि मीही रडले, आणि तू गेल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र रडलो. मग नाक शिंकरून ती अगदी हळू, कुणी ऐकेल अशा भीतीने म्हणाली, "मला नाही गं लागत भूक. किती वर्षं झाली. जेवावंसंच वाटत नाही."

हेम्या, तीस वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं असेल? मी म्हटलं, "आई, मी येते. आपण डॉक्टरकडे जाऊ." तशी लगेच सावरली. "यायचं तर ये, पण माझ्या गोळीचं नाव काढायचं नाही." मी म्हटलं, "काढणार." ती म्हणाली, "एकाला संपवलंस ते पुरे नाही झालं का?" आणि फोन ठेवला.

लागलं मला. खूप लागलं. तू असतास तर तुला फोन करून तासभर रडले असते आणि तू म्हणाला असतास, तायडे, ती म्हातारी आहे, सोड. नाही सोडणार. तुझ्यावर माया केली म्हणून मी तुझ्याशी भांडले, आणि त्या भांडणातून तुला एक वर्ष पोटभर जेवायला मिळालं. याची मला लाज नाही, खंत नाही, आणि कुणाचं काही ऐकून ती वाटायचीही नाही. उद्या परत तू बारीक होऊन माझ्या दारात उभा राहिलास तर मी परत तुला बखोटीला धरून नेईन. तुझे आभार मानायचेत तेही यासाठीच, की तू मला शिव्या घातल्यास पण आलास माझ्याबरोबर. सगळेच येत नाहीत.

शुक्रवारचं तिकीट काढलंय. तू जे गणपतीत सांगणार होतास ते मी आता सांगणार. तिची गोळी मी बंद करणार नाही, तो माझा अधिकारच नाही. तिला डॉक्टरसमोर बसवणार आणि तीस वर्षांचं सगळं सांगणार. मुंग्या, भूक, गोळ्या, सगळं. ती नाही म्हणेल, मी रिक्षा बोलावेन. ती रडेल, मी रिक्षात बसवेन. शेजारणी गॅलरीत येऊन बघतील, बघोत. मला ती जन्मभर शिव्या देणार आहे, हे मी धरूनच चाललेय. देऊ दे. फक्त जेवून देऊ दे.